विश्वंभररावांचं ‘पाहिले’

विश्वंभरराव कचेरीत हेडक्लार्क होते तेव्हा त्यांच्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहून खाली आद्याक्षर पडत असे. कागदात काय आहे ते त्यांनी पाहिलेलं असायचंच असं नाही. पण ‘पाहिले’शिवाय कागद पुढे गेला, असं कधी झालं नाही. निवृत्तीनंतर ते आमच्या बोर्लीच्या वाचनालयाचे कार्यवाह झाले. तोवर कागद जाऊन फाइली आल्या होत्या, आणि फाइलीला कोपरा नव्हता. काही दिवस त्यांचा हात अस्वस्थ होता. मग त्यांनी उपाय काढला. फाईल उघडायची, वरून खाली नजर फिरवायची आणि बंद करण्याआधी सेव्ह करायची. काही बदललं नसलं तरी सेव्ह. त्यांचा एक्सेल पार जुना, त्यांच्याइतकाच निवृत्त. सेव्ह करताना तो मध्येच इंग्रजीत काहीतरी विचारतो. त्याला भाऊ (विश्वंभररावांना आम्ही सगळे भाऊच म्हणतो) न वाचता ‘यस’ म्हणतात.

“अहो, त्यानं काय विचारलं ते तरी बघा,” मी एकदा म्हटलं.

“साहेबानं विचारल्यावर होयच म्हणायचं असतं,” भाऊ म्हणाले. “आणि आपण फाईल बघितली याची कुठेतरी नोंद नको?”

मी त्याच वाचनालयाचा खजिनदार. खजिन्यात मोजण्यासारखं फारसं नसल्यामुळे मला माणसांची खाती ठेवायला सवड मिळते. भाऊंच्या जमेला बरंच आहे: वेळेवर येतात, कुणाकडून फुकट चहा पीत नाहीत, वाचनालयाची चावी स्वतःच्या घराच्या चावीपेक्षा जपतात. नावे बाजूला एकच रक्कम, ती म्हणजे हे ‘पाहिले’. गेल्या वर्षी तिच्यावर चांगलंच व्याज चढलं.

झालं असं, की वाचनालयाची जुनी जागा सोडायची ठरली. बाजारामागे दोन नव्या खोल्या मिळाल्या. खोल्या चांगल्या, पण लहान. सगळी पुस्तकं मावणार नव्हती. समितीनं ठराव केला: ज्या पुस्तकाची नोंद कॉम्प्युटरच्या यादीत असेल, त्याला नव्या जागेत फळी मिळेल. बाकीची तूर्त गोदामात. आमच्याकडे ‘तूर्त गोदामात’ याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, वाळवीला सुद्धा.

ठराव वाचून फिरोजाबाई काही बोलल्या नाहीत. त्या आमच्या ग्रंथपाल. बोलायचं नसेल तेव्हा टेबलावरची रबरी शिक्क्याची गादी झाकून ठेवतात, एवढीच खूण. वाचनालयात दोन कपाटं उर्दू पुस्तकांची आहेत. इथले लोक जहाजावर गेले, आखातात गेले, येताना पुस्तकं घेऊन आले, आणि ती वाचून झाल्यावर वाचनालयाला दिली. त्यातली निम्मी फिरोजाबाईंच्या वडिलांच्या हातून आली. जुन्या रजिस्टरात या कपाटांसमोर एकच ओळ होती: ‘उर्दू पुस्तके, किरकोळ.’ म्हणजे यादी नीट झाली नाही, तर ही दोन्ही कपाटं सरळ गोदामात जाणार होती.

“तशी ती वाचतं तरी कोण?” समितीत कुणीतरी म्हणालं.

“मराठी कोण वाचतं?” फिरोजाबाईंनी विचारलं. त्यावर चहा आला म्हणून बरं.

त्या दिवसापासून दुपारचं वाचनालय बंद झालं की फिरोजाबाई यादी करायला बसत. मराठी पुस्तकं त्या स्वतः टाइप करत. उर्दू पुस्तकांच्या पाठीवरची अक्षरं खाऱ्या हवेनं पुसट झालेली. तिथे अब्दुस्समदभाई मदतीला यायचे. हे बहारीनच्या बंदरात नोकरी करून परतलेले गृहस्थ, समितीचे सभासद आणि विश्वंभररावांचे शाळेपासूनचे दोस्त. दोस्त म्हणजे एकमेकांना टोमणा मारल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नाही, असे. भाई भिंगातून नाव वाचायचे, फिरोजाबाई उर्दूत टाइप करायच्या. शेवटच्या रकान्यात पुस्तक कुणी दिलं त्याचं नाव. हा रकाना समितीनं मागितला नव्हता. तो फिरोजाबाईंनी स्वतःहून घातला, आणि गावात ही बातमी माझ्या कुठल्याही नोटिशीपेक्षा लवकर पसरली.

“बाय, आमच्या ह्यांचं नाव हाय ना त्यात?” येसूबाई दारातूनच विचारायच्या. त्यांच्या नवऱ्यानं मरताना आपली पोथ्यापुराणांची पेटी वाचनालयाला दिली होती. 

“घातलंय, येसूबाई. नवीन जागेत फळीवर चिठ्ठी लागेल, त्यावर दिसेल.”

“मला वाचता न्हाय येत. पण लागली की बघायला येईन.”

यादी पूर्ण झाली. फिरोजाबाईंनी ती सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल करून, पेन ड्राइव्हवर उतरवली आणि भाऊंच्या हातात दिली. यादी बाहेर आली म्हटल्यावर भाऊंनी वाचनालयाचा जुना कॉम्प्युटर, जो तसाही अधूनमधून बेशुद्ध पडायचा, मोडक्या खुर्च्यांबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला. “आता दाणा निघाला, टरफल कशाला ठेवा?” असं मला सांगितलं. मला ते पटलं होतं, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मी शहाणा असल्यासारखं वाटायला नको.

संध्याकाळी भाऊंनी घरी आपल्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह लावला, फाईल उघडली, आणि त्यांच्या तोंडचा चहा बशीत सांडला. सबंध पडद्यावर मराठी नाही, उर्दू नाही. टोप्या घातलेले इंग्रजी ए, मध्येच युरोचं चिन्ह, मध्येच स्वल्पविराम, पुन्हा टोपीवाला ए. जणू पुस्तकांच्या यादीच्या अंगात कुणीतरी संचारलं होतं.

त्यांना वाटलं, हे उर्दूमुळे. उजवीकडून डावीकडे चालणारी लिपी आपल्या लिपीशी समोरासमोर आदळली असणार. रागाच्या भरात त्यांनी लॅपटॉपवरून ती फाईल जशीच्या तशी व्हॉट्सॲपनं अब्दुस्समदभाईंना धाडली, खाली लिहिलं: “बघ तुझ्या उर्दूचे प्रताप. आमच्या मराठीलाही घेऊन बुडाली.” रागात ती सेव्ह करायचं मात्र विसरले. आयुष्यात एवढी एकच फाईल त्यांच्या हातून ‘पाहिले’शिवाय पुढे गेली.

उत्तर आलं: “माशाअल्लाह. फार सुंदर झालीय. फिरोजाला शाबासकी दे.”

भाऊंनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. शाळेत त्यांचा पतंग कटला तेव्हाही हा माणूस असाच म्हणाला होता. भाऊंनी भाईंबरोबरचं सगळं बोलणं मोबाइलवरून पुसून टाकलं आणि ठरवलं की आता निदान पुढची बैठक होईपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही.

मग त्यांनी सुनेला हाक मारली. क्षिप्रा पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. वाडीतल्या सुपाऱ्या वाळत टाकलेल्या अंगणाच्या कडेला तिचं टेबल आहे. ती आली, पडद्याकडे बघितलं आणि हसली.

“बाबा, फाईलला काही झालं नाहीये.”

“याला काही झालं नाही म्हणतेस? मग काही झाल्यावर कशी दिसते?”

“फाईलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात. कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. ही फाईल यूटीएफ-आठ पद्धतीनं लिहिलीय. तुमचा एक्सेल ती जुन्या इंग्रजी पद्धतीनं वाचतोय. चष्मा चुकीचा आहे, डोळे ठीक आहेत.”

कंपनीच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावायची तिला परवानगी नव्हती, म्हणून भाऊंच्याच लॅपटॉपवर तिनं पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, चढवलं आणि चार ओळी लिहिल्या. पहिल्यांदा ती स्वतःच घाईत चुकली. फाईल उघडताना पद्धत कोणती ते सांगायचं राहिलं, आणि पायथननं लाल अक्षरांत कुरकुर केली की मला हा आकडा वाचता येत नाही.

“बघ, तोही नाहीच म्हणतोय,” भाऊ विजयानं म्हणाले.

“तो निदान नाही म्हणतो. तुमचा एक्सेल काहीतरी ठोकून देतो,” क्षिप्रा म्हणाली. तिनं वाचतानाची पद्धत लिहून दिली, यूटीएफ-आठ. लिहितानाही तीच, पण फाईलच्या तोंडाशी एक न दिसणारी खूण लावून, म्हणजे एक्सेल दारातच ओळखेल. नवी यादी तयार झाली. उघडली तर मराठी लख्ख, उर्दू लख्ख, फक्त प्रत्येक ओळीनंतर एक ओळ रिकामी.

“हे छान. ऐसपैस वाटतंय,” भाऊ म्हणाले.

“चूक आहे ती. विंडोज ओळ संपल्याची खूण दोनदा टाकतंय.” फाईल उघडताना नवी ओळ आपल्या मनानं घालू नकोस, असं तिनं पायथनला बजावलं आणि पुन्हा चालवलं. आता यादी घट्ट, सरळ, पुस्तकामागून पुस्तक. फिरोजाबाईंच्या वडिलांचं नाव उर्दू पुस्तकांसमोर ओळीनं लागलेलं.

“बाबा, ही नुसती बघायची,” क्षिप्रा म्हणाली. “सेव्ह करायची नाही. चिठ्ठ्या मी यातून छापून देते शनिवारी.”

“हो हो,” भाऊ म्हणाले.

मला त्या ‘हो हो’चा भाव ठाऊक आहे. वर्गणी मागायला गेलो की लोक हाच देतात.

पुढचं भाऊंनी मला स्वतः सांगितलं, म्हणून त्यात माझ्या पदरचं काही नाही. क्षिप्रा उठून गेल्यावर त्यांनी पेन ड्राइव्हवर दोन याद्या पाहिल्या. एक देखणी, एक टोपीवाली. एकाच प्रकरणाच्या दोन फाइली ठेवल्या की घोटाळा होतो, हा कचेरीतला पहिला धडा. त्यांनी टोपीवाली काढून टाकली. मोकळ्या झालेल्या जागेत हरिहरेश्वरच्या सहलीचे फोटो भरले. मग देखणी उघडली, वरून खाली शांतपणे वाचली, समाधान वाटलं. हात सवयीनं गेला. एक्सेलनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. भाऊ ‘यस’ म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पेन ड्राइव्ह आणला. आम्ही माझ्या लॅपटॉपवर फाईल उघडली. फिरोजाबाई पदराला हात पुसत मागे उभ्या राहिल्या.

पुस्तकाचं नाव: प्रश्नचिन्हं. लेखक: प्रश्नचिन्हं. कुणी दिलं: प्रश्नचिन्हं. दाखल क्रमांक तेवढे जागेवर होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सबंध यादी आम्हाला प्रश्न विचारत होती.

“काल व्यवस्थित होती,” भाऊ म्हणाले. “मी स्वतः बघितली.”

“आणि सेव्ह केलीत?” फिरोजाबाईंनी विचारलं.

भाऊंनी खिडकीकडे पाहिलं. फिरोजाबाईंनी शिक्क्याची गादी झाकली.

क्षिप्राला फोन केला. ती स्कूटरवरून आली, फाईल उघडली, साध्या नोटपॅडमध्ये उघडली, पायथनमध्ये उघडली. मग हात मांडीवर ठेवून बसली.

“कालची वेडीवाकडी दिसणारी फाईल शाबूत होती,” ती म्हणाली. “ही नाही. जुन्या एक्सेलच्या साध्या सीएसव्हीत मराठीला आणि उर्दूला जागाच नसते. ज्याला जागा नाही, त्याच्या ठिकाणी तो प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होतो. तो विचारतो तेव्हा हेच विचारत असतो. आता इथे खरंच प्रश्नचिन्हंच आहेत. कुठल्याही चष्म्यातून बघा.”

“मग ती पहिली?” फिरोजाबाईंनी विचारलं.

“पेन ड्राइव्हवर नाही. तिच्या जागेवर फोटो भरलेत.”

“वाचनालयाचा कॉम्प्युटर?” क्षिप्रानं पुढे विचारलं.

माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं, कारण भंगाराची पावती मी फाडली होती.

फिरोजाबाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, “रविवारी सामान हलणार. पुन्हा टाइप करायला तेवढाच वेळ लागेल जेवढा पहिल्यांदा लागला. मराठी पुस्तकांचं रजिस्टर आहे, त्यावरून समिती चालवून घेईल. उर्दूचं काय आहे?” मग स्वतःच उत्तर दिलं: “किरकोळ.”

मी समितीची माणसं ओळखतो. ठराव बदलायचा तर बैठक, बैठकीला गणपूर्ती, गणपूर्तीला वडापाव. तोवर कपाटं गोदामात आणि गोदामाची किल्ली कुणाकडे हे शोधण्यात पावसाळा. भाऊ खुर्चीच्या कडेवर बसले होते. कचेरीतून निवृत्त झाले त्या दिवशीही त्यांचा चेहरा इतका रिकामा नव्हता.

“फिरोजाबाई,” ते म्हणाले, “मी रात्रंदिवस बसतो. तुम्ही सांगा, मी टाइप करतो.”

“भाऊ, तुम्हाला उर्दू येत नाही.”

“अब्दुस्समदला येतं, पण त्याच्याशी मी बोलत नाही.”

“आता काय झालं?” मी विचारलं.

एवढ्या कठीण प्रसंगीही भाऊंना ती जखम उघडून दाखवावीशी वाटली. “अहो, मी त्याला फाईल पाठवली, की बघ काय सत्यानाश झालाय. तर हा लिहितो, माशाअल्लाह, फार सुंदर झालीय. माणसानं किती लागट बोलावं याला काही मर्यादा?”

क्षिप्रा हळूच वळली. “बाबा, कुठली फाईल पाठवलीत?”

“ती टोपीवाली.”

“सेव्ह करून?”

“न करता. रागात राहून गेलं.”

“आणि त्यांनी मोबाइलवर उघडली?”

“त्याच्याकडे दुसरं काय आहे?”

क्षिप्रा उठून उभीच राहिली. “मोबाइल यूटीएफ-आठ बरोबर वाचतो, बाबा. त्यांना ती सुंदरच दिसली असणार. ते टोमणा मारत नव्हते!”

भाऊंना हे पचायला वेळ लागला. पन्नास वर्षांत तो माणूस एकदा सरळ बोलला आणि नेमकं तेव्हाच यांनी बोलणं पुसून टाकलं होतं. फोन भाऊंनीच करावा असं आम्ही सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. गणपूर्ती होती.

“अब्दुस्समद, मी विश्वंभर.”

पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. भाई बहारीनच्या सवयीनं फोनवर समुद्रापलीकडे बोलतात. “कोण विश्वंभर? आमचे एक होते, ते नाराज होऊन गेले.”

“ती यादी तुझ्याकडे आहे का रे?”

“कुठली?”

“तीच. सुंदर.”

“माझ्या मोबाइलमधून काही जात नाही. तुझे दर सकाळचे गुलाबाच्या फुलांचे मेसेजसुद्धा आहेत. आमची फिरोजा मला रोज सांगते, चाचा, मोबाइल भरलाय, काहीतरी काढा. मी म्हणतो, कुणी प्रेमानं धाडलंय, कसं काढू?”

“तू ये आधी,” भाऊ म्हणाले, आणि आवाज जरा खाली आणून, “लगेच ये.”

भाई आले ते जेवणाच्या ताटावरून उठून, बोटाला कोलंबीचा रस्सा. मोबाइल क्षिप्राच्या हातात दिला. तिनं त्यातली यादी उघडली आणि फिरोजाबाईंसमोर धरली. मराठी होती. उर्दू होती. शेवटच्या रकान्यात नावं होती. फिरोजाबाईंनी अंगठ्यानं यादी वर वर सरकवली आणि एका ठिकाणी थांबल्या.

“अब्बांचं नाव,” त्या म्हणाल्या. मग गादीचं झाकण काढलं.

क्षिप्रानं या वेळी फाईल आधी माझ्या लॅपटॉपवर घेतली, स्वतःला मेल केली, फिरोजाबाईंना मेल केली, आणि मगच पायथनला हात लावला. वाचताना यूटीएफ-आठ, लिहिताना तोंडाशी खूण, ओळी घट्ट, आणि नवी फाईल नव्या नावानं. शिवाय तिनं चिठ्ठ्यांची पीडीएफ करून टाकली.

“याच्यात सेव्ह होत नाही का?” भाऊंनी विचारलं.

“होतं. पण बिघडत नाही.”

“म्हणजे मी बघू शकतो?”

“हवं तितकं बघा, बाबा.”

रविवारी सामान हललं. नारळ उतरवणारे दोन गडी, एक टेम्पो, आणि सूचना देणारे मात्र पुष्कळ. उर्दूची दोन्ही कपाटं खिडकीसमोरच्या भिंतीला लागली, कारण भाईंचं म्हणणं पडलं की त्यांना भिंगासाठी उजेड लागतो. येसूबाई आल्या. फिरोजाबाईंनी त्यांचं बोट धरून फळीवरच्या चिठ्ठीवर टेकवलं. येसूबाईंनी अक्षरांवरून बोट हळू फिरवलं, जसं देवळातल्या पायरीवरून फिरवतात.

“किती लांब नाव हाय,” त्या म्हणाल्या. “ह्ये जिते असताना आम्ही नुसतं ‘अवो’ म्हणायचो.”

पुढच्या बैठकीत फिरोजाबाईंनी एक ठराव मांडला. भाई अनुमोदक. कार्यवाहांनी वाचनालयाची कोणतीही फाईल उघडण्यापूर्वी ती अब्दुस्समदभाईंच्या मोबाइलवर पाठवावी. भाईंनी ती कधीही काढू नये. समितीनं एकमतानं मंजूर केला. भाऊंनी इतिवृत्ताच्या कागदावर, तिथे कोपरा होता म्हणून, ‘पाहिले’ लिहून आद्याक्षर टाकलं.

आता दर महिन्याला नवीन पुस्तकांची यादी निघते. भाऊ ती न उघडता भाईंना पाठवतात, खाली काहीतरी खोचक लिहितात. थोड्या वेळानं उत्तर येतं: “माशाअल्लाह. फार सुंदर.” भाऊ मोबाइल माझ्यासमोर धरतात.

“हे खरं म्हणतोय की टोमणा?”

“यादी बघितल्याशिवाय कसं कळणार?” मी म्हणतो.

मग ते उठून फिरोजाबाईंच्या टेबलापाशी जातात, हात पाठीमागे बांधून, आणि त्यांच्या खांद्यावरून यादी बघतात.